लहान जातीच्या कुत्र्यांचे रेबीज लसीकरण

लहान जातीच्या कुत्र्यांचे रेबीज लसीकरण म्हणजे चिवावा, पग, डॅशहंड, शिह त्झू, पॉमेरेनियन यांसारख्या, साधारणतः १० किलोपर्यंत वजनाच्या कुत्र्यांना रेबीज (अलर्क) या रोगाविरुद्ध लस देणे होय. या कुत्र्यांसाठी वेगळी लस नसते आणि मात्राही मोठ्या कुत्र्यांइतकीच असते. मात्र लसीनंतरच्या प्रतिक्रियांचे प्रमाण लहान कुत्र्यांत अधिक आढळते. त्यामुळे लस द्यावी की नाही, अर्धी द्यावी का, इतर लसींसोबत द्यावी का, असे प्रश्न पाळकांकडून वारंवार विचारले जातात. यांतील पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पशुवैद्यकशास्त्रात बऱ्याच अंशी निश्चित झाली आहेत. तिसऱ्याचे उत्तर कुत्र्यागणिक बदलते.

== पार्श्वभूमी ==

रेबीज हा लायसाव्हायरस प्रजातीतील विषाणूमुळे होणारा मेंदूचा रोग आहे. बाधित प्राण्याच्या लाळेतील विषाणू चाव्यावाटे शरीरात शिरतो आणि चेतातंतूंच्या मार्गाने मेंदूपर्यंत पोहोचतो. लक्षणे दिसू लागल्यावर प्राणी किंवा माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे ९९ टक्के प्रकरणे कुत्र्यांपासून उद्भवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरण पावतात आणि त्यांत भारताचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक आहे. मृतांमध्ये १५ वर्षांखालील मुलांचे प्रमाण मोठे असते.

घरात, बहुधा मुलांच्या अंगाखांद्यावर वाढणाऱ्या लहान कुत्र्याच्या संदर्भात ही शेवटची बाब विशेष महत्त्वाची ठरते. ‘आमचे कुत्रे घराबाहेर जातच नाही’ हे लस टाळण्याचे नेहमीचे कारण असते. परंतु भारतासारख्या रेबीजप्रवण देशात सोसायटीच्या आवारातील भटके कुत्रे, मांजर किंवा मुंगूस यांच्याशी गाठ पडण्यास एक उघडे दार पुरते. पिसाळलेल्या कुत्र्यापुढे तीन-चार किलोच्या कुत्र्याला स्वतःचा बचावही करता येत नाही.

== लस आणि तिची मात्रा ==

कुत्र्यांना टोचण्यासाठी आज भारतात वापरल्या जाणाऱ्या रेबीज लसी (उदा. रक्षारॅब, नोबिवॅक रेबीज) निष्क्रिय विषाणूंच्या असतात. प्रयोगशाळेत पेशींवर वाढवलेला विषाणू रासायनिक प्रक्रियेने मारला जातो. त्यामुळे या लसीतून रेबीज होऊ शकत नाही. दुर्बल केलेल्या जिवंत विषाणूच्या काही जुन्या लसींमुळे मात्र पिल्लांना व मांजरांना क्वचित रेबीज झाल्याच्या नोंदी आहेत. या लसीविषयीच्या लोकमानसातील भीतीला आणखी एक इतिहास आहे. १९११ च्या सुमारास कसौली येथे डेव्हिड सेम्पल यांनी मेंढीच्या मेंदूपासून तयार केलेली लस भारतात माणसांसाठी अनेक दशके वापरात होती. पोटात घ्यावी लागणारी ‘चौदा इंजेक्शने’ ती हीच. तिच्यामुळे काही रुग्णांना पक्षाघातासारखे विकार होत. २००४ च्या अखेरीस तिचे भारतातील उत्पादन थांबले. सध्याच्या कुत्र्यांच्या लसीशी तिचा संबंध नाही, तरी ‘रेबीजचे इंजेक्शन भारी पडते’ हा समज टिकून आहे.

लसीची नेहमीची मात्रा १ मि.लि. असते आणि ती २ किलोच्या चिवावाला व ६० किलोच्या ग्रेट डेनला सारखीच दिली जाते. औषधांची मात्रा वजनावर ठरते. लसीचे तसे नसते. औषध रक्तात विशिष्ट प्रमाणात राहावे लागते, तर लसीतील प्रतिजनाने रोगप्रतिकारक पेशींना एकदा पुरेसे जागे करायचे असते. त्यासाठी एका मात्रेत किमान १ आंतरराष्ट्रीय एकक इतकी क्षमता असावी लागते. अर्धी मात्रा दिल्यास कुत्रे सुरक्षित झाले की नाही हे सांगता येत नाही. शिवाय उत्पादकाच्या सूचनेबाहेर दिलेली लस प्रमाणपत्रासाठी ग्राह्य धरली जात नाही. जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही लहान कुत्र्यांसाठी मात्रा कमी करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. काही देशांत मिळणाऱ्या ०.५ मि.लि. च्या लसी म्हणजे अर्धी मात्रा नव्हे. त्यांत पूर्ण प्रतिजन कमी द्रवात दिलेले असते.

== दुष्परिणाम ==

लसीनंतर एक-दोन दिवस मरगळ, किंचित ताप, भूक मंदावणे, टोचलेल्या जागी दुखणे किंवा छोटी गाठ येणे हे परिणाम सामान्य असून बहुधा उपचारांविना जातात. तीव्र ॲलर्जीची लक्षणे याहून वेगळी आणि लवकर, बहुधा काही मिनिटांत ते काही तासांत, दिसतात. तोंड व डोळ्यांभोवती सूज, अंगावर गांधी, सतत खाज, वारंवार उलटी, जुलाब, हिरड्या पांढऱ्या पडणे आणि कोसळणे असा तो क्रम असू शकतो. कुत्र्यांमध्ये ॲनाफिलॅक्सिसचा आघात यकृत व आतड्यांवर प्रकर्षाने होतो. त्यामुळे लसीनंतर लगेच झालेली उलटी ‘गाडी लागली असेल’ म्हणून सोडून देणे धोक्याचे असते. ॲड्रेनालिन, शिरेतून द्रव, ॲलर्जीरोधक औषधे व स्टेरॉइड यांनी उपचार केले जातात आणि वेळेत पोहोचलेली बहुतेक कुत्री बरी होतात.

लहान कुत्र्यांना धोका अधिक असतो, हा केवळ पाळकांचा समज नाही. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३६० पशुरुग्णालयांमधील १२,२६,१५९ कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. लसीनंतर तीन दिवसांच्या आत दर १०,००० कुत्र्यांमागे सुमारे ३८ कुत्र्यांत प्रतिकूल प्रतिक्रिया नोंदवली गेली होती. त्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश प्रतिक्रिया लसीच्याच दिवशी आढळल्या. शरीराचे वजन जसजसे वाढते तसतसे हे प्रमाण घटत गेले. डॅशहंड, पग, बोस्टन टेरियर, मिनिएचर पिन्शर आणि चिवावा या जातींत ते सर्वाधिक होते. एकाच भेटीत दिलेल्या प्रत्येक जादा लसीमागे धोका १० किलोपर्यंतच्या प्रौढ कुत्र्यांत २७ टक्क्यांनी, तर मोठ्या कुत्र्यांत १२ टक्क्यांनी वाढला. नसबंदी झालेल्या आणि एक ते तीन वर्षे वयाच्या कुत्र्यांमध्येही प्रमाण अधिक आढळले.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. ते सर्व लसींचे मिळून आहेत, एकट्या रेबीज लसीचे नव्हेत. आणि ‘२७ टक्के वाढ’ ही मुळात हजारी चारच्या आसपास असलेल्या धोक्यातील वाढ आहे. शंभरातील सत्तावीस कुत्री आजारी पडतात असा तिचा अर्थ होत नाही. केवळ वजनाने सर्व उलगडाही होत नाही. बॉक्सर हे मोठे कुत्रे असूनही त्या जातीत प्रतिक्रिया तुलनेने अधिक नोंदल्या गेल्या. म्हणजे आनुवंशिकतेचाही यात वाटा असावा. जपानी संशोधकांनी २००५ मध्ये ॲलर्जी झालेल्या कुत्र्यांच्या रक्ताची तपासणी केली तेव्हा विषाणूपेक्षा लसनिर्मितीत वापरल्या जाणाऱ्या वासराच्या रक्तद्रवासारख्या घटकांविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली. एका कंपनीची लस न मानवलेल्या कुत्र्याला दुसऱ्या कंपनीची लस चालू शकते, याचे एक संभाव्य कारण यातून मिळते.

रेबीज लसीशीच विशेषत्वाने जोडला गेलेला एक उशिरा दिसणारा परिणामही आहे. टोचलेल्या जागेचे केस दोन-तीन महिन्यांनी गळतात आणि तिथे गुळगुळीत, बहुधा काळसर चट्टा उरतो. सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा दाह हे त्याचे कारण असते. १९८६ साली वर्णिलेला हा विकार पूडल, यॉर्कशायर टेरियर, माल्टीज अशा लांब व मऊ केसांच्या लहान जातींत अधिक दिसतो. बहुतेकदा तो केवळ दिसण्यापुरता राहतो. क्वचित कानाच्या कडा, शेपटीचे टोक व पंजांवरही जखमा होतात. अशा कुत्र्याच्या पुढील लसीबाबत पशुवैद्यकाला नव्याने विचार करावा लागतो.

== धोका कमी करण्याचे उपाय ==

सर्वांत परिणामकारक उपाय साधा आहे: रेबीजची लस इतर लसींबरोबर एकाच दिवशी न देता दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने देणे. यासाठी पशुवैद्यकाकडे एक फेरी जास्त पडते, इतकाच त्याचा भार. रेबीजप्रवण भागात मात्र या विभागणीत रेबीजचीच लस मागे पडून राहणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

लस सकाळी देणे सोयीचे असते, कारण प्रतिक्रिया आलीच तर दवाखाना उघडा असतो. टोचल्यानंतर अर्धा तास तिथेच थांबण्याचा सल्ला दिला जातो. पूर्वी सौम्य ॲलर्जी झालेल्या कुत्र्याला पशुवैद्यक लसीआधी ॲलर्जीरोधक औषध देतात, किंवा लसीचा ब्रँड बदलतात. ताप, जुलाब किंवा अन्य आजार असताना लस पुढे ढकलली जाते. लस निरोगी कुत्र्यासाठीच असते, असे उत्पादकाच्या माहितीपत्रकातही नमूद असते. लसीची बाटली २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. बाटलीवरील बॅच क्रमांकाचे लेबल कुत्र्याच्या पुस्तिकेत चिकटवून घेतल्यास पुढे प्रतिक्रियेचा माग काढता येतो.

होमिओपॅथीतील ‘नोसोड’ हे लसीला पर्याय म्हणून सुचवले जातात. त्यांनी रेबीजपासून संरक्षण मिळते याचा पुरावा नाही.

== वेळापत्रक आणि सूट ==

पहिली मात्रा साधारणतः १२ आठवड्यांच्या वयानंतर देतात, कारण त्याआधी आईकडून मिळालेली प्रतिद्रव्ये लसीचा परिणाम दडपू शकतात. रोगप्रवण भागात दोन ते चार आठवड्यांनी दुसरी मात्रा देण्याची शिफारस आहे. त्यानंतर एक वर्षाने पुन्हा लस दिली जाते. पुढील अंतर लसीची मान्यता व स्थानिक नियम यांवर ठरते. अनेक लसींना तीन वर्षांची मान्यता असली तरी भारतात वार्षिक लसीकरणाचा प्रघात आहे.

एका लसीचे संरक्षण त्याहून जास्त काळ टिकते का, हे तपासण्यासाठी अमेरिकेत ‘रेबीज चॅलेंज फंड’ने दीर्घकालीन प्रयोग केला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत काही कुत्र्यांमध्ये संरक्षण तीन वर्षांपलीकडे टिकल्याचे, मात्र काळानुसार ते घटत गेल्याचे दिसले. कुत्र्यांची संख्या थोडी होती आणि या निष्कर्षांवरून तेथील तीन वर्षांची कमाल मुदत वाढवण्यात आली नाही.

प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच रक्तपेशी नष्ट करणारा विकार किंवा आधीच्या लसीने आलेला जीवघेणा ॲनाफिलॅक्सिस अशा प्रसंगी लस न देणे वैद्यकीयदृष्ट्या योग्य ठरू शकते. अमेरिकेतील काही राज्ये यासाठी पशुवैद्यकाच्या दाखल्यावर सूट देतात. कॅलिफोर्नियात अशी तरतूद २०१२ पासून आहे. तिची मुदत एक वर्षाची असते आणि त्या काळात कुत्र्याला बंदिस्त ठेवावे लागते. केवळ लहान आकार किंवा म्हातारपण हे सुटीचे कारण मानले जात नाही.

रक्तातील प्रतिद्रव्यांची पातळी मोजणारी चाचणी उपलब्ध आहे. भारतातून युरोपीय संघात कुत्रे नेताना ती किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक प्रति मि.लि. असावी लागते. त्यासाठी लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घेतले जाते आणि त्यानंतर प्रवेशासाठी तीन महिने थांबावे लागते. ही चाचणी लसीसोबत मागितली जाते, लसीऐवजी नव्हे.

== चाव्याचा प्रसंग ==

लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या कुत्र्यातील फरक संशयित प्राणी चावल्यावर उघड होतो. अमेरिकेतील मार्गदर्शक सूचनांनुसार लसीकरण झालेल्या कुत्र्याला त्वरित आणखी एक मात्रा देऊन ४५ दिवस निरीक्षणाखाली ठेवतात. कधीच लस न घेतलेल्या कुत्र्यासाठी दयामरण किंवा चार महिन्यांचे कडक विलगीकरण हे पर्याय उरतात. लसीची मुदत उलटून गेली असली तरी आधीच्या लसीचा लेखी पुरावा असल्यास पहिला मार्ग खुला राहतो. प्रतिक्रियेच्या भीतीने सर्वच लसीकरण सोडून देणाऱ्या पाळकाच्या हातून हाच मार्ग निसटतो.

लसीकरण झालेले पाळीव कुत्रे माणसाला चावले तरी जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवून डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते. भारतातील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार माणसावरील उपचार लगेच सुरू केले जातात आणि कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवले जाते. कुत्र्याचे प्रमाणपत्र दाखवून माणसाची लस टाळता येत नाही.

== भारतातील स्थिती ==

कुत्र्यांतील रेबीजची साखळी तोडण्यासाठी सुमारे ७० टक्के कुत्र्यांचे लसीकरण पुरेसे मानले जाते. गोव्यात २०१३ पासून ‘मिशन रेबीज’ आणि राज्य शासनाने भटक्या व पाळीव कुत्र्यांचे व्यापक लसीकरण हाती घेतले. दरवर्षी सुमारे ९५,००० कुत्र्यांना लस देण्यात आली, कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले आणि माणसांचे मृत्यू थांबले. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य घोषित झाले. त्याच वर्षी २८ सप्टेंबर या जागतिक रेबीज दिनी केंद्र सरकारने २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणाऱ्या रेबीजच्या उच्चाटनाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. मुंबई, पुणे यांसारख्या महानगरपालिकांच्या हद्दीत पाळीव कुत्र्याचा परवाना घेताना रेबीज लसीकरणाचा दाखला जोडावा लागतो. या नियमात कुत्र्याच्या जातीनुसार किंवा वजनानुसार भेद नाही.