बोर्डो मिश्रण आणि फवारणी पंपाची निवड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
कृषी इतिहासाच्या लेखनात औषधांच्या शोधाला जेवढे स्थान मिळाले, तेवढे ते पिकापर्यंत पोहोचविणाऱ्या साधनाला मिळालेले नाही. औषध व पंप यांचा विकास परस्परावलंबी आहे, हे बोर्डो मिश्रणाच्या उदाहरणाने स्पष्ट करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

मिश्रणाचा शोध :
१८७८ च्या सुमारास फ्रान्समधील द्राक्षबागांत केवडा रोगाचा शिरकाव झाला. बोर्डो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे यांना १८८२ मध्ये मेदोक भागात असे आढळले की, रस्त्याकडेच्या ज्या वेलींवर चोरांना धाक बसावा म्हणून मोरचूद व चुना शिंपडला होता, त्यांची पाने टिकून होती. रसायनशास्त्रज्ञ गायाँ यांच्या सहकार्याने प्रयोग करून त्यांनी १८८५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या मूळ कृतीत १०० लिटर पाण्यात ८ किलो मोरचूद आणि ३० लिटर पाण्यात १५ किलो कळीचा चुना असे प्रमाण होते. एवढे दाट मिश्रण बारीक छिद्रातून फवारणे कठीण होते. ते लहान झाडूने पानांवर शिंपडले जाई. त्यात श्रम अधिक लागत आणि पाने असमान भिजत.

पंपापुढील प्रश्न :
साध्या लोखंडी पंपाने हे काम होणे शक्य नव्हते. मोरचुदाच्या द्रावणात लोखंड झिजते व त्यावर तांब्याचा थर बसतो. चुन्याचे कण दट्ट्या आणि वॉशर घासून टाकतात, नोझल तुंबवितात व स्थिर राहिल्यास तळाशी बसतात. म्हणून टाकीसाठी तांबे-पितळ वापरात आले. व्हिलफ्रांश येथील व्हिक्टर व्हेर्मोरेल यांच्या 'एक्लेर' या पाठीवरील पंपात रबरी पडद्याची योजना होती. त्यामुळे द्रव आणि दट्ट्या यांचे घर्षण टळले. पुढे मिश्रणही पातळ होत गेले. आज महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदार जे एक टक्क्याचे मिश्रण ओळखतात, त्यात १०० लिटर पाण्याला मोरचूद व चुना प्रत्येकी १ किलो एवढेच असतात. लोखंडी भांडे टाळण्याची आणि लोखंडी पाते बुडवून मिश्रणाची परीक्षा घेण्याची रीत याच रासायनिक अनुभवावर उभी आहे.

वर्तमान संदर्भ :
पंपाची निवड हा केवळ काटकसरीचा प्रश्न नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. या दुर्घटनेचा दोष केवळ पंपावर ठेवणे योग्य होणार नाही. औषधांची विषारी मिश्रणे, उंच वाढलेले पीक आणि संरक्षक साधनांचा अभाव यांचाही विचार करावा लागतो. तथापि दाब वाढला की त्याच नोझलमधून थेंब बारीक होतात, बारीक थेंब वाऱ्यावर तरंगतात आणि ते फवारणाऱ्याच्या श्वासात जातात, ही बाब दुर्लक्षिता येत नाही. गळका पंप तर विष थेट पाठीवर ओततो.

निष्कर्ष :
द्रवाचा गुणधर्म, पिकाची उंची व घनता, आवश्यक दाब आणि पंप वाहणाऱ्या माणसाची सुरक्षितता या चार निकषांवर पंप निवडला गेला पाहिजे. यांपैकी पहिल्या तीन निकषांकडे पंपाच्या रचनेत सुरुवातीपासून लक्ष दिले गेले. चौथ्याकडे मात्र पुरेसे दिले गेले नाही. औषधाच्या वेष्टनावर प्रमाण छापले जाते, तसेच योग्य नोझल व दाब यांचे मार्गदर्शन शेतमजुरापर्यंत त्याच्या भाषेत पोहोचणे ही काळाची गरज आहे.