मोनप्रिवातोचा उतार

आमच्या निफाडकडे ऑक्टोबरात फळछाटणीची घाई असते, तेव्हा इटलीतल्या पिएमोंते प्रांतात नेबिओलोच्या तोडणीची. बारोलो ही तिथली नावाजलेली लाल वाइन या एकाच द्राक्षाची. रंगाने फिकी, पण कोवळेपणी इतकी तुरट की जीभ आवळून येते. तो तुरटपणा मुरायला चांगल्या साली दहा-वीस वर्षं लागतात. मी द्राक्ष बागायतदार. माझं लक्ष बाटलीआधी जमिनीकडे जातं.

कास्तिल्योने फालेत्तो गावात मोनप्रिवातो नावाचा उतार आहे. तोंड नैर्ऋत्येला, माती चुन्याची, करडी-पांढरी. गावच्या जमीन-दप्तरात हे नाव १६६६ सालापासून आहे, आपल्या सातबाऱ्यावर गट असावा तसं. १९०४ मध्ये तिथली जमीन मास्कारेल्लो घराण्याकडे आली. तरी तिथली द्राक्षं कशात न मिसळता वेगळी आंबवून बाटलीवर हे नाव घातलं, ते माउरो मास्कारेल्लो यांनी १९७० च्या तोडणीपासून. कानुबी या शेजारच्या टेकडीचं नाव १७५२ च्या एका बाटलीवर सापडतं, पण तो अपवाद.

तीनशे वर्षं नाव दप्तरातच का राहिलं? कारण बारोलो जिथे होते त्या लांगेच्या टेकड्यांतला शेतकरी गरीब होता. वाइन करायची तर तळघर हवं, पिंपं हवीत, आणि वर्षानुवर्षं पैसा अडकून पडतो. तो द्राक्षं गाडीत भरून आल्बा शहराच्या बाजारात न्यायचा. तिथे दलाल भाव करायचे आणि चार उतारांचा माल एका टाकीत जायचा. तोडलेलं द्राक्ष घरी परत नेऊन उपयोग नाही, हे घेणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. आमच्याकडे एका फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला, मण्यांना तडे जाऊ लागले, आणि व्यापाऱ्याने बांधावर उभं राहून ठरल्या भावाच्या निम्मा भाव सांगितला. वडिलांनी मान हलवली. दुसरं काय करणार? लांगेत तर दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण पोरं शेती सोडून तोरिनोच्या मोटार कारखान्यांत निघून गेली.

म्हणून १९६१ हे साल मला मोठं वाटतं. त्या वर्षीच्या वाइनवर प्रुनोत्तो वाइनरीच्या बेप्पे कोल्ला यांनी बुसिया या उताराचं नाव घातलं, आणि व्हिएत्ती वाइनरीच्या आल्फ्रेदो कुर्रादो यांनी रोक्के या उताराचं. कोल्ला द्राक्षं विकत घेणारे होते. एकदा उताराचं नाव बाटलीवर चढलं, की पुढच्या साली त्याच उतारावरच्या शेतकऱ्याचं दार ठोठवावं लागतं. शेतकऱ्याच्या हाती बळ आलं ते इथून, असं माझं मत आहे.

बारोलो गावच्या बार्तोलो मास्कारेल्लो यांना मात्र एकेका उताराची वेगळी वाइन करणं कधीच पटलं नाही. ते आपल्या चार तुकड्यांची द्राक्षं एकत्रच आंबवत राहिले. २००५ मध्ये वारले, तोवर. एक उतार कमी पडला तर दुसरा सावरतो, हा त्यात हिशेब. इतिहास बार्तोलोंच्या बाजूने आहे, जुनी रीत मिसळण्याचीच. पण माउरोंनीही वाइन मुरवण्याची जुनी रीत टाकली नाही. १९८० नंतर शेजारीपाजारी फ्रेंच ओकच्या लहान, नव्या पिंपांकडे वळले, तेव्हा ते सालींसकट बरेच दिवस आंबवणं आणि स्लावोनियन ओकची मोठाली पिंपं यांनाच धरून राहिले. मोनप्रिवातोची बाटली अशी, कल्पना नवी आणि हात जुना.

२०१० मध्ये बारोलोच्या अकरा गावांतल्या १८१ नावांना कायद्याची मान्यता मिळाली. या यादीबद्दल माझी तक्रार आहे. मोनप्रिवातो सात हेक्टरांच्या आसपास, आणि बुसिया जवळजवळ तीनशे. तीनशे हेक्टरांत ओहोळ येतात, सावलीची अंगं येतात, मातीचे वेगवेगळे प्रकार येतात. सात हेक्टरांचं नाव शेतकरी पायी फिरून तपासू शकतो.