पुस्तकांना बागांची नावं, बागांना हर्सूलचं पाणी

हर्सूल म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी जेल आठवतो, मग तलाव. आपल्या गावाचं शहराच्या साहित्याशीही नातं आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून ही जरा लांब पोस्ट.

अठराव्या शतकात आपल्या शहरात लिहिल्या गेलेल्या काही पुस्तकांची नावं बघा. सिराज औरंगाबादी यांची १७४७ च्या सुमाराची मसनवी ‘बोस्तान-ए-खयाल’, म्हणजे कल्पनेची बाग. लछमी नारायण शफीक यांनी वयाच्या सोळा-सतराव्या वर्षी उर्दू कवींची माहिती गोळा करून ग्रंथ केला, तो ‘चमनिस्तान-ए-शुअरा’, कवींची बाग. त्यांचे उस्ताद गुलाम अली आझाद बिलग्रामी यांचा ग्रंथ ‘सर्व-ए-आझाद’. सर्व म्हणजे सरूचं झाड.

आता कोणी म्हणेल, पुस्तकाला बागेचं नाव देणं ही तर फारसीतली जुनी रीत, सादीच्या ‘गुलिस्तान’पासूनची. खरंय. पण इथे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर खऱ्या बागाही होत्या. दिल्ली गेटजवळची हिमायत बाग आजही आहे. तिथे आता कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र चालतं.

आणखी एक गोष्ट. ही माणसं मूळची कुठली? आझाद उत्तरेतल्या बिलग्रामचे. हज करून आले आणि इथेच राहिले. इथे बसून त्यांनी आपल्या बिलग्रामच्या थोर माणसांची चरित्रं लिहिली. पुढे अरबीत ग्रंथ लिहून हिंदुस्थानची थोरवी गायली. गाव सुटलं तरी नाव बिलग्रामीच राहिलं आणि १७८६ मध्ये माती मिळाली ती खुलताबादची. शफीक यांचे आजोबा औरंगजेबाच्या फौजेबरोबर लाहोरकडून आलेले, नातू मात्र इथेच जन्मला. या खत्री घरातल्या मुलाने उर्दू कवींची बाग मांडली आणि पुढे मराठ्यांचा इतिहासही फारसीत लिहिला. आझाद काही वर्षं पाणचक्कीच्या तकियात राहिले. तो तकिया ज्यांच्या नावाचा, ते बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याकडचे. नावच मुसाफिर! आणि १६१० मध्ये खडकी वसवून तिथे नहर आणणारा मलिक अंबर तर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला.

म्हणजे बाहेरून आलेल्यांनी इथे पाणी आणलं, झाडं लावली, पुस्तकं लिहिली आणि इथले झाले. आपलेपणा काही फक्त जन्माने मिळत नाही. लावलेल्या झाडाला रोज पाणी घालावं लागतं, तसंच हेही.

पण हे पाणी यायचं कुठून? पाणचक्कीचं पाणी हर्सूलच्या बाजूने, सुमारे आठ किलोमीटरवरून जमिनीखालच्या नळाने यायचं. खाम नदीही आपल्याच बाजूने शहरात शिरते. म्हणजे आझाद ज्या हौदाकाठी राहिले, त्या हौदात पाणी आपल्या शिवारातलं होतं. पुस्तकात बाग आली, माळी क्वचित आला, पाणी देणारं शिवार आलंच नाही.

आज नहरी बऱ्याच ठिकाणी बुजल्यात. कुठे वरून रस्ता गेला, कुठे घरं झाली, कुठे ड्रेनेज सोडलं. खामच्या सफाईचं काम अलीकडे झालं, चांगलंच आहे. पण नदीकाठ सुशोभित करून वरच्या ओढ्यांवर भराव टाकत राहिलो, तर खाली फक्त बाकडी आणि फरशी उरेल. नहर नेमकी कुठून जाते हे ज्यांना ठाऊक होतं, ती म्हातारी माणसं एकेक करून चालली. कागदावर नाही ती विहीर बुजवायला वेळ लागत नाही राव. कोणी विचारतच नाही!

तेव्हा हर्सूल, सावंगी, जटवाड्याच्या मंडळींना एकच विनंती. घरातल्या मोठ्यांना विचारा. विहिरींची नावं, ओढ्यांची नावं, कुठल्या मळ्याला काय म्हणायचे, आंबा कुठे होता, पेरू कुठे. जुनं खरेदीखत असेल तर त्यातल्या चतुःसीमा वाचा आणि इथे खाली लिहा. शुद्धलेखन कोणी तपासणार नाही.

शफीक यांनी सोळा-सतराव्या वर्षी कवींची यादी केली. आपण निदान विहिरींची करू.