छप्पर नसलेले कार्मो

लिस्बन शहरात रोसियो चौकाच्या माथ्यावरील टेकडीवर कार्मो मठाचे जे चर्च उभे आहे, त्याला भिंती आहेत, खांब आहेत, खांबांवर टोकदार कमानी आहेत; मुख्य सभामंडपाला नाही ते एवढे छप्परच. 1389 साली या मठाची स्थापना करणारा नुनो आल्व्हारेस परेरा हा पोर्तुगालचा सरसेनापती. चार वर्षांपूर्वी अल्जुबारोटाच्या रणांगणावर कॅस्टिलच्या सैन्याला धूळ चारून त्याने आपल्या राजाचे सिंहासन राखले होते, आणि पुढे 1423 मध्ये शस्त्रे व दौलत या दोहोंचा त्याग करून तो याच मठात साधा सेवेकरी म्हणून येऊन राहिला.

1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाची सकाळची उपासना चालू असता, भूकंपाने हे छत खाली आणले आणि संस्थापकाची समाधीही त्यात नष्ट झाली. येथवरची हकिकत कोणीही वाटाड्या सांगेल. परंतु आजचे भग्नावशेष म्हणजे निव्वळ भूकंपाची करणी, ही समजूत अपुरी आहे. 1756 पासून जीर्णोद्धार सुरू झाला होता, आणि ज्या कमानी पाहून प्रवासी 1755 च्या आठवणीने हळहळतो, त्यांतील काही वस्तुतः त्यानंतर जुन्या गॉथिक धाटणीवर उभारलेल्या आहेत. काम खरे थांबले ते 1834 च्या फर्मानाने, ज्यान्वये पुरुषसाधूंचे सर्व पंथ बरखास्त होऊन त्यांच्या मिळकती सरकारजमा झाल्या. भग्नतेतच सौंदर्य पाहणाऱ्या त्या शतकाच्या अभिरुचीने पुढे छप्पर घालण्याचा विचारच सोडून दिला. 1864 मध्ये वास्तू पुरातत्त्वज्ञांच्या संस्थेकडे आली व तेथे संग्रहालय झाले. या संग्रहालयात सांतारेंहून आणलेली फर्नांदो पहिला याची कोरीव शवपेटी आहे. ज्या राजाला पुत्र नसल्यामुळे कॅस्टिलशी युद्ध पेटले आणि नुनोला तलवार उपसावी लागली, तोच हा फर्नांदो. मठ बांधणाऱ्याची समाधी गेली आणि याची पेटी मात्र येथे सुखरूप, हा इतिहासाचा काहीसा खट्याळ न्याय म्हणावा लागेल.

त्याच फर्मानाचा अंमल गोमंतकातही झाला. जुन्या गोव्यातील संत ऑगस्टिनचा मठ 1835 मध्ये ओस पडला आणि 1842 मध्ये त्याच्या चर्चचे छत कोसळले. कार्मोला तीस वर्षांनी तरी धनी भेटला. या मठाकडे मात्र दीर्घकाळ कोणी पाहिले नाही, आणि आता उरला आहे तो सुमारे 46 मीटर उंचीचा अर्धा बुरूज. त्यातील मोठी घंटा तेवढी वाचली. 1871 पासून ती पणजीच्या चर्चमध्ये आहे.