इकॉनॉमी सेव्हन वीजदर
दिवस व रात्र यांसाठी घरगुती विजेचे वेगवेगळे दर आकारण्याची ब्रिटनमधील पद्धती. मोठी औष्णिक व अणुविद्युत् केंद्रे रात्री मागणी घटताच बंद करणे परवडत नसे. म्हणून १९७८ मध्ये रात्रीच्या सात तासांसाठी स्वस्त दर सुरू झाला. रात्री आतील विटा तापवून दिवसभर ऊब देणाऱ्या संचयक तापकांच्या घरांना तो सोयीचा ठरला. दिवसाचा दर मात्र एकेरी दरापेक्षा चढा असे.

२०१८ च्या कायद्यान्वये ‘ऑफजेम’ या नियामक संस्थेने १ जानेवारी २०१९ पासून मुदतीचा करार नसलेल्या ग्राहकांच्या दरांवर कमाल मर्यादा घातली. ती दोन्ही दरांवर स्वतंत्रपणे नाही. रात्रीचा वापर सु. ४२% गृहीत धरून येणाऱ्या एकूण आकारावर आहे. दोन दरांतील अंतर पुरवठादारच ठरवितो. त्यामुळे मर्यादेने प्रत्येक कुटुंबाचे सारखेच संरक्षण होते, हा समज फसवा होय. एकेरी दर २५ पेन्स, दिवसाचा ३० व रात्रीचा १५ मानल्यास, एकतृतीयांशाहून अधिक वीज रात्री वापरणाऱ्यासच लाभ होतो. वायूवर घर तापविणाऱ्या कुटुंबाचा रात्रीचा वापर सहसा इतका नसतो. तापक काढून टाकल्यावरही जुना मीटर तसाच राहिलेल्या घरांतील भाडेकरूंना याची झळ विशेष बसते.