फोनच्या कुलपाचं कूळ

फोन चालू केल्यावर पडद्यावर कंपनीचं चिन्ह झळकतं, तेवढ्यात आत एक तपासणी उरकलेली असते. बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम पुढच्या प्रोग्रामवर कंपनीची डिजिटल सही आहे का ते पाहतो. सही जुळली नाही तर फोन सहसा पुढे सरकत नाही. फोन आपला, पण सही करायची गुप्त किल्ली कंपनीकडे.

या कुलपाचं एक मूळ घराणं व्हिडिओ गेमचं. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत भिकार गेम्सचा सुळसुळाट झाला आणि बाजारच बसला. १९८५ मध्ये तिथे उतरलेल्या निन्टेन्डोने एक चिप यंत्रात आणि तिची जोडीदारीण प्रत्येक कार्ट्रिजमध्ये बसवली. दोघींचं जमलं नाही की यंत्र रीसेट होतच राही. भिकार माल अडवायचा, हे कारण खोटं नव्हतं. पण परवान्याशिवाय कुणाला गेम विकता येणार नाही आणि परवान्याचे पैसे आपल्याकडे येतील, ही सोय त्याहून गोड. अटारी गेम्सने तर दावा चालू असल्याची थाप मारून सरकारी कॉपीराइट कार्यालयातूनच त्या चिपचा प्रोग्राम मिळवला. बिंग अर्थातच कोर्टात फुटलं.

खरा पेच पडला तो टिवोमुळे. १९९९ मध्ये आलेला हा टीव्ही कार्यक्रम रेकॉर्ड करणारा डबा लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालायचा. लिनक्सच्या जीपीएल परवान्याप्रमाणे कंपनीने मूळ कोड खुला ठेवला, कोणीही बदलावा. मात्र बदललेला कोड डब्यात घातला की सही जुळेना, डबा चालेना. परवान्याचं अक्षर पाळलं आणि हेतू गुंडाळून ठेवला! हा परवाना रचणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी या प्रकाराला टिवोचंच नाव चिकटवलं आणि परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत कलम घातलं: घरगुती उपकरणात असा प्रोग्राम विकलात, तर बदललेली प्रत चालवायला लागणारी किल्लीही द्या. ही आवृत्ती जाहीर झाली २९ जून २००७ रोजी. त्याच दिवशी अमेरिकेत पहिला, कडेकोट बंद आयफोन विक्रीला आला.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना मात्र हे कलम पटलं नाही. कोड परत मिळाला की झालं, यंत्राचं काय करायचं ते बनवणारा ठरवेल, असं त्यांचं म्हणणं. लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला, आणि अँड्रॉइड उभं राहिलं ते याच कर्नलवर. त्यामुळे फोन कंपन्यांना कर्नलचा कोड द्यावा लागतो. किल्ली द्यायची की नाही, ही त्यांची मर्जी. माझ्या मते कुलपाच्या कुळातला सगळ्यात महागात पडलेला निर्णय हाच.

कुलपाची बाजूही आहे: चोराला किंवा व्हायरसला फोनमध्ये आपला प्रोग्राम घुसवणं त्याने अवघड होतं. पण मग मालकाला किल्ली का नको? २०११ मध्ये ग्राहकांच्या ओरड्यामुळे एचटीसी ही फोन कंपनी नमली, कुलूप उघडू देऊ म्हणाली. सॅमसंगने २०१३ पासून फोनमध्ये असा फ्यूज ठेवला, की परका प्रोग्राम घातला तर तो कायमचा जळतो. मूळ प्रोग्राम परत टाकूनही उपयोग नाही. आणि मागेल त्याला कुलूप उघडायचा कोड देणाऱ्या ह्युआवेने २०१८ मध्ये तो देणंच थांबवलं.