अध्यासनाच्या सावलीत: नागावचे केरूनाना छत्रे

नामवंत विद्वानाला आपल्या विद्यापीठात आणायचे, तर त्याच्यासाठी कायमच्या निधीतून खास प्राध्यापकपद निर्माण करावे लागते. अशा पदाला आपण 'अध्यासन' म्हणतो. ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाने १५४० मध्ये केंब्रिजला पाच राजकीय अध्यासने स्थापन केली. हेन्री लुकासच्या देणगीतून १६६३ मध्ये गणिताचे अध्यासन निघाले आणि १६६९ मध्ये त्यावर न्यूटन आला. कॅनडाच्या सरकारने २००० साली दोन हजार संशोधन-अध्यासनांची योजना आखली. आपल्या केंद्र सरकारनेही २०१७ मध्ये 'वज्र' योजना सुरू केली. परदेशी काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी वर्षातील काही काळ येथे येऊन संशोधन करावे, हा तिचा हेतू होता.

पैसा खर्च करून मोठा विद्वान आणला, तर त्या देशाच्या पदरात नेमके काय पडते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला फार दूर जायला नको. अलिबागच्या दक्षिणेस, आक्षी ओलांडली की लागणाऱ्या नागाव या किनाऱ्यावरच्या गावापर्यंत गेले तरी पुरे.

लोकवर्गणीचे अध्यासन

मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ मध्ये निवृत्त होऊन निघाले. त्यांचे स्मारक म्हणून मुंबईकरांनी सव्वादोन लाखांहून अधिक रुपये जमवले. हा पैसा पुतळ्यासाठी नव्हता. इंग्रजी भाषा आणि युरोपातील विज्ञान व कला शिकवणाऱ्या प्राध्यापकांची पदे त्यातून निर्माण व्हायची होती. ब्रिटनमधून विद्वान आणावेत, पण या देशातील माणसे ते काम करण्यास पूर्ण समर्थ होईपर्यंतच, असा संकेत ठरावातच होता. म्हणजे अध्यासन ज्यांच्यासाठी निघाले, त्यांची गरज एक दिवस संपावी, हे उद्दिष्ट स्थापनेच्या वेळीच सांगितलेले होते.

निधीची व्यवस्था ठरेपर्यंत आठ वर्षे गेली. व्याजासह रक्कम चार लाखांपुढे गेली. १८३५ मध्ये आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार व जॉन हार्कनेस हे दोन प्राध्यापक आले. ऑर्लिबार यांच्याकडे गणित, ज्योतिष व पदार्थविज्ञान हे विषय होते, तर हार्कनेस यांच्याकडे वाङ्मय. टाउन हॉलमध्ये वर्ग सुरू झाले; पण विद्यार्थी फारच थोडे! इतके उच्च शिक्षण पेलण्याची तयारी झालेली मुलेच कमी होती. अखेर १८४० मध्ये हे वर्ग आणि एल्फिन्स्टन शाळा यांची एकच संस्था करण्यात आली. शाळेचा पाया नसेल, तर वरचे अध्यासन रिकामे राहते, हा धडा मुंबईला असा पहिल्या पाच वर्षांतच मिळाला.

वेधशाळेतला सहायक

केरो लक्ष्मण छत्रे यांचा जन्म १६ मे १८२५ रोजी नागावला झाला. आईवडील लहानपणीच वारल्यामुळे ते मुंबईला चुलते सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांच्याकडे आले. 'बाळमित्र' आणि 'इसापनीती' मराठीत आणणारे ते हेच बापू छत्रे. एल्फिन्स्टन संस्थेत शिकत असताना केरोपंतांची गणिताची गती ऑर्लिबार यांच्या नजरेत भरली.

त्याच सुमारास पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध जगभर एकाच पद्धतीने घेण्याची मोहीम उभी राहत होती. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत कुलाब्याला १८२६ मध्ये वेधशाळा बांधली होती. तेथे १८४१ पासून ऑर्लिबार यांच्या देखरेखीखाली चुंबकीय व हवामानाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. प्राध्यापकाचे पद लोकवर्गणीचे, तर वेधशाळा सरकारी खर्चाची, असा हा योग होता. या वेधशाळेत १८४० च्या सुमारास पंधरा-सोळा वर्षांच्या केरोपंतांना सहायकाची नोकरी मिळाली. वेध घ्यायचा, नोंद करायची, आकडेमोड तपासायची आणि चूक कोठून आली ते शोधायचे, हे काम त्यांनी सुमारे दहा वर्षे केले. आधुनिक विज्ञानाचे त्यांचे खरे शिक्षण येथे झाले.

पुढे ते पुण्यास अध्यापनाकडे वळले आणि डेक्कन कॉलेजात गणित व पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. बाळ गंगाधर टिळक त्यांचे तेथील विद्यार्थी. केरूनानांनी शाळांसाठी अंकगणित व पदार्थविज्ञान यांची मराठी पुस्तके लिहिली. १८६० मध्ये त्यांची 'ग्रहसाधनांची कोष्टके' प्रसिद्ध झाली. जुन्या पंचांगातील ग्रहस्थिती आणि आकाशातील प्रत्यक्ष ग्रह यांत पडलेले अंतर दूर करण्यासाठी आधुनिक गणित मराठीत आणणारा हा ग्रंथ होता. त्यावर आधारलेल्या पंचांगाला आबा पटवर्धनांचे पाठबळ मिळाले, म्हणून ते 'पटवर्धनी पंचांग' म्हणून ओळखले गेले. सूर्यावरील डाग आणि पाऊस यांच्या संबंधाचाही त्यांनी अभ्यास केला. १८८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

फलित कशाचे?

१८२७ च्या ठरावातील 'समर्थ होईपर्यंत' ही अट फार काळ लांबली नाही. बाळशास्त्री जांभेकर १८३४ मध्येच साहाय्यक प्राध्यापक झाले होते. १८५० च्या दशकाच्या मध्यास दादाभाई नौरोजी एल्फिन्स्टनमध्ये गणित व पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. मात्र अध्यासनाचे श्रेय एकट्या पैशाला देता येणार नाही. प्राध्यापकाशेजारी वेधशाळा होती, तिच्यात तरुण सहायकाला जागा होती, खाली शाळा होती आणि शिकलेले मराठीत उतरवण्याची जिद्द बापू छत्र्यांच्या पिढीने आधीच निर्माण केली होती.

कलकत्त्यातही हेच दिसते. तारकनाथ पालित यांनी दिलेल्या निधीतील अध्यासन भारतीयांसाठीच राखलेले होते. १९१७ मध्ये ते रामन यांनी स्वीकारले. पण १९२८ चा शोध लागला तो महेंद्रलाल सरकार यांनी स्थापलेल्या संस्थेच्या प्रयोगशाळेत, कृष्णन यांच्यासारख्या तरुण सहकाऱ्यांच्या साथीने.

म्हणून नामवंतांना बोलावण्याची कोणतीही योजना तपासताना मानधनाचा आकडा शेवटी पाहावा. आधी विचारावे, की पाहुण्याच्या शेजारी बसून रोज हाताने काम करणारा मुलगा किंवा मुलगी कोण? आणि पाहुणा परतल्यावर ते काम चालू राहील का?

कुलाब्याच्या नोंदी चालू राहिल्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय मोजमापे बिघडणार, हे ओळखून नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभारली गेली. मालिका तुटू नये म्हणून दोन्हीकडे दोन वर्षे एकाच वेळी वेध घेण्यात आले. केरूनानांनी तरुणपणी जेथे वेध घेतले, ती नोंदवही अशी समुद्र ओलांडून त्यांच्या जन्मगावाच्या शेजारी आली. परिसरातील शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अलिबागचा समुद्र व किल्ला दाखवताना या वेधशाळेचा इतिहासही अवश्य सांगावा.